अनामिकेतलं सोनं

आपल्या हाताच्या पाच बोटांत एकच बोट बिननावाचं आहे. अंगठा, तर्जनी, मध्यमा, करंगळी यांना नावं मिळाली. करंगळीच्या शेजारची ती राहिली अनामिका, म्हणजे नाव नसलेली. पूजेच्या वेळी दर्भाचं पवित्रक घालायचं ते याच बोटात आणि साखरपुड्याची अंगठीही याच बोटात. दोन स्त्रियांच्या किंवा दोन पुरुषांच्या सहजीवनाला आपल्या कायद्याने अजून नाव दिलेलं नाही. त्या नात्याची खूणही याच बोटात यावी, हे मोठं बोलकं आहे.

आपल्याकडे लग्नाच्या खुणा बाईच्या अंगावर. मंगळसूत्र, जोडवी, हिरवा चुडा, कुंकू. पुरुषाचं लग्न झालंय की नाही, हे त्याच्याकडे पाहून कळायचं कारण नाही. मग दोघी बायकांनी संसार मांडला तर मंगळसूत्र कोणी घालायचं? आणि दोघे पुरुष असतील तर? अंगठीपाशी हा प्रश्न उरत नाही. ती दोघांनी द्यायची आणि दोघांनी घ्यायची.

अर्थात पाश्चात्यांकडेही हे पूर्वापार नव्हतं. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पुरुषांनी लग्नाची अंगठी घालण्याची रीत सर्रास झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. अनामिकेतून एक शीर थेट हृदयाकडे जाते, अशी जुन्या रोमन लोकांची समजूत होती. शरीरशास्त्राला तशी खास शीर सापडलेली नाही, पण समजूत मात्र टिकली. आपल्या शेजारी गोव्यात ख्रिस्ती लग्नात वरवधू दोघंही अंगठी घालतात, त्यामुळे तिथल्या शेटना जोड अंगठ्यांचं नवल नाही. गोव्यात आजही ज्या पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा चालतो, त्या पोर्तुगालने 2010 साली समलिंगी विवाहाला मान्यता दिली. गोव्यातला कायदा होता तिथेच राहिला.

आता घडणीकडे येऊ. दुकानात जोड अंगठ्या मागितल्या की ट्रेमध्ये एक रुंद आणि एक नाजूक, खड्याची अशी जोडी समोर येते. रुंद त्याची, नाजूक तिची. दोघेही ‘तो’ किंवा दोघीही ‘ती’ असल्या की ही वाटणी चालत नाही. मग बघायचं ते हाताकडे. बोट जाड की बारीक, काम कसलं, रोज कणीक मळायची की संगणकावर बसायचं. खडा वर आलेला असेल तर कपड्यात अडकतो. साधं गुळगुळीत वळं वर्षानुवर्षं बोटात राहतं. दोन्ही अंगठ्या हुबेहूब हव्यात असंही नाही. एकाच लगडीतून दोन्ही घडवल्या, रुंदी वेगळी ठेवली, तरी सोनं एकच राहतं. आतल्या बाजूला तारीख किंवा अक्षर कोरून घेता येतं. ते जगाला दिसत नाही, घालणाऱ्याला ठाऊक असतं. कोणी सप्तरंगी खडे बसवून घेतात. 1978 साली सॅन फ्रान्सिस्कोत फडकलेल्या इंद्रधनुषी झेंड्याची ती आठवण. पण नात्याचा झेंडा बोटावर मिरवणं सगळ्यांना मानवत नाही, आणि मानवायलाच हवं असंही नाही.

जुने घाटही इथे छान उपयोगी पडतात. युरोपात चारशे-पाचशे वर्षांपूर्वी जुळ्या कड्यांची अंगठी होती. दोन कडी एकमेकांत अडकवली की एक अंगठी व्हायची. आयर्लंडच्या क्लाडा अंगठीत दोन हातांनी धरलेलं हृदय असतं. ते हात कोणाचे, पुरुषाचे की बाईचे, हे त्या घाटात कुठेच सांगितलेलं नाही. त्याच आयर्लंडच्या जनतेने मे 2015 मध्ये सार्वमत घेऊन अशा विवाहाला संमती दिली. 2017 साली ऑस्ट्रेलियात हा वाद चालू असताना मार्क न्यूसन या आरेखनकाराने एक काळी अंगठी घडवली, तिचं कडं मुद्दाम जुळवलेलं नव्हतं. कायदा होईपर्यंत ती फट तशीच राहणार, हा त्याचा अर्थ. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे कायदा झाला.

आपल्याकडे फट अजून आहे. हैदराबादजवळ डिसेंबर 2021 मध्ये सुप्रियो आणि अभय या दोघांनी सगळ्यांदेखत अंगठ्या बदलल्या, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. 17 ऑक्टोबर 2023 रोजी न्यायालयाने विवाहाची मान्यता नाकारली आणि कायदा करणं संसदेचं काम आहे असं सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. मात्र एकत्र राहणं गुन्हा नाही, हे 6 सप्टेंबर 2018 च्या निकालापासून स्पष्ट आहे.

मध्यंतरी एका वाचक भगिनीने विचारलं, “लेक म्हणते, आजीच्या पाटल्या मोडून आम्हा दोघींना अंगठ्या कर. सोनं देऊ का? लोक काय म्हणतील?” ताई, लोक म्हणायचं ते म्हणतीलच. तुमच्या लेकीला सोनं विकत घेता आलं असतं. तिने मागितलं ते आजीचं, कारण तिला घरातून काही हवं आहे. जावयाला आपण अंगठी करतोच की! तोळाभर सोन्यात दोन साधी वळी आरामात होतात. आटणीत घट किती आणि घडणावळ किती, हे आधी विचारून घ्या, आणि शक्यतो आटणीच्या वेळी दोघींना सोबत घेऊन बसा.

आणखी एक सांगते. अंगठी कोणत्याही कचेरीत पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून अंगठीबरोबर मृत्युपत्र करायला सांगा, विम्यात आणि बँकेत वारस म्हणून कोणाचं नाव लावलंय ते तपासायला सांगा. जोडीदारासोबत संयुक्त खातं उघडायला आणि नामनिर्देशन करायला अडचण नाही, असं केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. कायदा नाव देईल तेव्हा देईल. तोवर तुमच्या घरात त्या दुसऱ्या मुलीला नावाने हाक मारा आणि सणाला तिचंही ताट मांडा.