आधी मे महिन्याचा हिशेब करा

मोहल्ल्यात सामुदायिक बाग करायची ठरली की पहिला खर्च फाटक, फलक आणि रोपांवर होतो. फोटो निघतात आणि मे महिन्यात वाफे कोरडे पडतात. म्हणून अंदाजपत्रकाची पहिली ओळ पाण्याची हवी.

भाजीच्या वाफ्याला कडक उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज साधारण ५ लिटर पाणी लागते. ४० चौरस मीटरला २०० लिटर, म्हणजे २० लिटरच्या दहा बादल्या. मार्च ते मे या ९२ दिवसांचे झाले १८,४०० लिटर. ते कुठून येणार, हे आधी लिहा. मशीद जवळ असेल तर वुजूचे पाणी वळवता येते. त्यासाठी वेगळा पाइप आणि टाकी धरा.

माती विकत घ्यायची घाई नको. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यापासून माती बनवून बाग फुलवली. देठे आणि साली आपल्याही घरांतून रोज निघतात.

खर्चाचे दोन रकाने करा: एकदाचा आणि दरमहाचा. बांधण्यापेक्षा सांभाळणे महाग, हे आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज पाहतो. वर्षभराच्या देखभालीचे पैसे जमल्याशिवाय कुदळ मारू नका. जागेची परवानगी लेखी घ्या. पाणी घालण्याच्या पाळ्या नावानिशी लावा; हिशेबाच्या समितीत मुलीही असू द्या. जमाखर्च दर महिन्याला भिंतीवर लावा.

सुकलेली रोपे पुन्हा आणता येतात. हिशेब न मिळालेला मोहल्ला पुढच्या कामाला चंदा देत नाही.