विचारायचे ते विचारा

सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना वापरणाऱ्याला काहीच विचारू नये, हे मत हल्ली आग्रहाने मांडले जाते. लोक प्रश्न वाचत नाहीत, ‘नेक्स्ट’ दाबत सुटतात. मग विचारायचे कशाला? कंपनीनेच सगळे ठरवून द्यावे.

यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीत एकेकाळी प्रत्येक पॅकेज आपला प्रश्न मनाला येईल तेव्हा विचारी. पन्नास पॅकेजे लावून माणूस जेवायला गेला, तर परत येईपर्यंत काम तिसऱ्याच पॅकेजवर अडून बसलेले असायचे. यावर ‘डेबकॉन्फ’ ही व्यवस्था आली. शक्य तितके प्रश्न आधीच विचारून घ्यायचे, उत्तरे जपून ठेवायची आणि प्रत्येक प्रश्नाला चारपैकी एक पायरी द्यायची. बहुतेकांना चालेल असे तयार उत्तर असेल तर प्रश्न खालच्या पायरीवर. तसे उत्तरच नसेल तर वर. माणसाने लक्ष घातल्याशिवाय यंत्रणा मोडण्याची भीती असेल तर सर्वांत वर. एरवी वरच्या दोन पायऱ्यांवरचेच प्रश्न माणसापुढे येतात. त्याच डेबियनमध्ये देश म्हणून भारत निवडला की प्रमाणवेळ पुन्हा विचारत नाहीत, कारण ती एकच आहे. कीबोर्ड मात्र विचारावाच लागतो. समोरचा मराठी माणूस इन्स्क्रिप्टवर टंकतो की इंग्रजी मांडणीवर, हे यंत्राला कुठून कळणार?

म्हणजे फालतू प्रश्न गाळणे वेगळे आणि विचारणेच सोडणे वेगळे. लोक वाचत नाहीत, कारण निरर्थक प्रश्नांनी त्यांना न वाचण्याची सवय लावली. ‘डिस्क पुसू का?’ हा प्रश्न त्याच गर्दीत उभा केला तर तोही न वाचता ‘हो’ होतो, आणि घरातले दहा वर्षांचे फोटो जातात. हा दोष वाचणाऱ्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

‘कंपनी ठरवेल’ हा आधार तर त्याहून कच्चा. विंडोजमध्ये ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवू, असे मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये युरोपीय आयोगाला कबूल केले. मे २०११ ते जुलै २०१२ या काळात विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये तो पडदाच नव्हता. दीड कोटी लोकांना तो दिसला नाही. कंपनीने तांत्रिक चूक म्हटले. मार्च २०१३ मध्ये दंड झाला ५६ कोटी १० लाख युरोंचा. ज्या उत्तरात कंपनीचा फायदा गुंतलेला आहे, ते तिने परस्पर देऊ नये, एवढाच याचा अर्थ.

उलट डेबियनच पाहा. कोणती पॅकेजे वापरता याची माहिती पाठवाल का, असे तिथे विचारतात. ही माहिती प्रकल्पाला हवीच असते, तरी तयार उत्तर ‘नाही’ असे ठेवलेले आहे. प्रामाणिक प्रश्न तो हा.

आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संमती स्वतःच्या स्पष्ट कृतीतून मागितली आहे, आणि संमतीची विनंती संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायची सोय सांगितली आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. म्हणून पुण्या-मुंबईत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना माझी विनंती: वेळ, फोल्डर, रंग तुमचे तुम्ही ठरवा, पण माहिती बाहेर पाठवायची असेल तर मराठीत विचारा आणि चौकट कोरी ठेवा.