मेहरबानी नको, हक्क हवा!

राजाश्रयामुळेच विज्ञान, कला आणि विद्या बहरली, असे सांगणाऱ्यांना आमचा साधा सवाल आहे: ज्या हातांनी ती बहरवली, त्या हातांचे पुढे काय झाले?

कोरियाचा राजा सेजोंग घ्या. कारकीर्द १४१८ ते १४५०. विद्वानांना आश्रय देणारा राजा म्हणून त्याचे गुणगान होते. त्याच्याच दरबारात जांग योंग-सिल हा कारागीर होता. आई सरकारी गुलाम, म्हणून जन्मतः हाही गुलाम. राजाने त्याची बुद्धी ओळखली आणि मंत्र्यांचा विरोध डावलून त्याला पद दिले. १४३४ मध्ये त्याचे जलघड्याळ सुरू झाले. त्यातल्या लाकडी बाहुल्या घंटा, ढोल, झांज वाजवून आपोआप वेळ सांगत.

१४४२ मध्ये त्याच्या देखरेखीखाली बनलेली राजाची पालखी मोडली. शिक्षा १०० फटक्यांची. राजाने दया दाखवली, ८० केली! पद गेले. त्यानंतर दरबारी इतिहासात त्याचे नावच येत नाही.

कुणी म्हणेल, सेजोंगने सामान्य माणसासाठी २८ अक्षरांची सोपी लिपी केली ना? केली, १४४३ मध्ये. आम्हीही त्याचे मोल मानतो. पण विरोध कुणी केला? दरबारातल्या विद्वानांनीच. चोए मानरी याने १४४४ मध्ये तक्रार केली: एवढ्याशा अक्षरांवर माणसे वर चढू लागली, तर चिनी ग्रंथ घोकण्याचे कष्ट कोण घेईल? विद्येची मक्तेदारी टिकवणारा हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा नाही काय?

१५०४ मध्ये योनसानगुन या राजाने तीच लिपी शिकण्या-शिकवण्यावर बंदी घातली. एका राजाने दिले, दुसऱ्याने हिसकावले. लिपी टिकली ती दरबाराबाहेरच्या माणसांनी, विशेषतः स्त्रियांनी ती सोडली नाही म्हणून. आणि गुलामगिरी? सेजोंगसारखा राजा होऊनही ती कायद्याने संपायला १८९४ साल उजाडावे लागले.

म्हणून आम्ही सांगतो, प्रश्न राजा चांगला की वाईट हा नाहीच. राजाच्या मर्जीवर एखादा हुशार गुलाम वर येतो, गुलामगिरी मात्र जागच्या जागी राहते. बाबासाहेबांनी राज्यकर्त्यांच्या चांगुलपणावर भरवसा ठेवला नाही, संविधानात मूलभूत हक्क लिहून ठेवले. तेव्हा आमच्या मुलांच्या शिष्यवृत्तीला खैरात म्हणणाऱ्यांनो, ऐका: आम्ही कुणाच्या दरबारात उभे नाही. विद्या हा आमचा हक्क आहे.

जय भीम!