मनीच्या वाट्याचे पाणी



या सदरात आपण एरवी बी-बियाणे, खते, कीड-रोग यांच्या गोष्टी करतो. आज मात्र एका म्हाताऱ्याची, त्याच्या मागे राहिलेल्या मांजरीची आणि पुढे गेलेल्या बायकोची गोष्ट सांगणार आहे. शेवटी उंदरांचा बंदोबस्त येणार आहेच, तेव्हा साहेब वाट चुकले असे म्हणू नका.

गाव अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या वडीगोद्रीपासून जवळच. २०२३ साली आरक्षणाच्या उपोषणामुळे या गावाचे नाव देशभर गेले, त्यामुळे कुठे आहे हे वेगळे सांगायला नको. पण गाव कितीही गाजले तरी पहाटेची धार चुकत नाही आणि कोठीतले उंदीर काही पाहुण्यांना भीत नाहीत.

या गावात एक म्हातारबाबा आहेत. त्यांना आपण नाना म्हणू. खरे नाव छापले तर काठी घेऊन तालुक्याला येतील, असा स्वभाव. वय ७६. गळ्यात तुळशीची माळ, पण जिभेवर कायम मिरची. मुलाने ठिबक टाकले तरी बोलणार, नाही टाकले तरी बोलणार. मी माती परीक्षणाचा कागद दिला, तर म्हणाले, "साठ वर्षं माती कसतुया, आता कागद सांगणार व्हय मला?" सहा वर्षांपूर्वी घरच्या काकू गेल्या, तेव्हापासून तर गावातली पोरे त्यांच्या ओट्यापुढून पाय न वाजवता जातात.

गेल्या उन्हाळ्यात ज्वारीच्या राशी होऊन धान्य घरात आले, तेव्हा मी गावात उंदीर नियंत्रणाची सभा घेतली. पारावर पंचवीस-तीस माणसे होती. मी हिशेब मांडला. एक उंदीर दिवसाला साधारण २० ग्रॅम धान्य खातो. घरात दहा उंदीर धरले, तर वर्षाला सत्तर किलोच्या वर ज्वारी गेली. खातो त्यापेक्षा कितीतरी जास्त कुरतडून आणि लेंड्या-मुताने खराब करतो, ते वेगळेच. मग ब्रोमाडिओलोनच्या तयार वड्या दाखवल्या, कुठे ठेवायच्या ते सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मागून नाना खेकसले, "साहेब, ते मेलेलं उंदीर मांजरानं खाल्लं म्हंजे?"

मी म्हणालो, "नाना, मांजर असेल तर चार दिवस बांधून ठेवा."

एक जण हसत म्हणाला, "नानाची मनी कुठं उंदीर धरती, साहेब? उंदीरच तिच्या अंगावरून जातेत. कामाची ऱ्हायली न्हाई ती."

नाना काठी टेकून उठले. "काम व्हत न्हाई म्हणून मारायचं आसंल, तर आधी मला घाला तुमची वडी," म्हणाले आणि चालू लागले. पारावर कोणी हसले नाही. मीही पुढचे चार मुद्दे घाईने उरकले.

मला बोचले, त्याला कारण होते. नोकरीच्या सुरुवातीला दुसऱ्या एका गावात माझ्याच सल्ल्याने एका घरी उंदरांचे विष ठेवले होते. मेलेला उंदीर खाऊन त्यांचे मांजर गेले. त्या घरची लहान मुलगी दाराशी रडत बसली होती आणि मी तिच्या बापाला म्हणालो होतो, "मांजर काय, दुसरं मिळेल." मेलेले उंदीर रोज उचलून पुरा, हे वाक्य मी त्या सभेत सांगायचेच विसरलो होतो. बी.एस्सी. ॲग्री झालेल्या माणसाची चूक ती. ते वाक्य मी अंतरवालीतही विसरलो असतो. नानांनी आठवण दिली.

सभा संपल्यावर नानांच्या मुलाने कोठी बघायला घरी नेले. नाना गोठ्यात होते. ओट्यावर पोत्याच्या घडीवर मनी पडली होती. पांढरी-पिवळी, अंगावरचे केस विस्कटलेले, पाठीचा कणा वरून दिसणारा, एका डोळ्यात सारा पडल्यासारखा. सूनबाईंनी चहा देता देता हळू आवाजात सांगितले, "आत्याबाईंची हाय ती. कडब्याच्या गंजीत सापडली तवा डोळं बी उघडलं नव्हतं. कापसाच्या वातीनं दूध पाजून जगवलंय. आत्याबाई तव्यावरची पहिली भाकर उतरली की तिच्यासाठी कुटका मोडायच्या. मामंजी तवा लई चिडायचे. आता आम्ही इसरलो तर आमच्यावर चिडतेत."

तेवढ्यात नाना आले. मला बघून कपाळाला आठी. मनीला बघून म्हणाले, "पडली हाय बघा, मेली. आयतं खाती." आणि बोलता बोलता तिच्यापुढची जर्मनची वाटी उचलून राहिलेले पाणी तुळशीला घातले आणि रांजणातले ताजे भरून ठेवले. मनी उठली आणि कितीतरी वेळ पाणी पीत राहिली.

मग नानांनी मला विचारले. माती परीक्षणाला हसणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच मला काही विचारले. "तुमी शेतकी शिकलाव. जनावरांचं बी कळतं का? पाणी लई पिती ही. रातीत दोनदा वाटी रिकामी करती. आन् वाळत चाललीय."

मी सांगितले, की मला पिकांचे कळते, मांजराचे जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. म्हाताऱ्या मांजराचे मूत्रपिंड थकले की असे होते, एवढे ऐकून माहीत होते. नानांनी मुलाकडे बघितलेही नाही. दुसऱ्या दिवशी मनीला बाजाराच्या पिशवीत घालून, वर उपरण्याची गाठ मारून, एकटे एस.टी.ने दवाखान्यात गेले. डॉक्टर भला माणूस. त्यांनी तपासून तेच सांगितले. हे दुखणे बरे होणार नाही, पण जपले तर दिवस सुखाचे जातील. पाणी मात्र अजिबात तोडू नका. जेवढे पिईल तेवढे पिऊ द्या.

पुढच्या फेरीला गेलो, तेव्हा नाना ओट्यावर एकटेच होते. मी सहज मांजराच्या वयाचा हिशेब सांगितला. मांजराचे पहिले वर्ष म्हणजे माणसाची साधारण १५ वर्षे, दोन वर्षांचे मांजर म्हणजे २४ वर्षांचा माणूस आणि पुढे दर वर्षाला चार धरायची. मनी १५ वर्षांची, म्हणजे माणसाची ७६.

नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे माज्याच जोडीची."

आणि मग त्यांनी आपणहून सांगितले. २०१२ चा दुष्काळ आपल्या जालना जिल्ह्याने कसा काढला, ते तुम्हाला माहीत आहे. विहिरी कोरड्या, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी जिवापाड वाढवलेली झाडे कुऱ्हाडीने तोडून सरपण केले. नानांचीही बाग गेली. प्यायचे पाणी टँकरचे, हंड्यांची रांग. अशा दिवसांत काकू स्वतःच्या तांब्यातले पाणी मांजरीच्या वाटीत ओतताना नानांना दिसल्या.

"माजं डोस्कं फिरलं," नाना म्हणाले. "झाडं मेली, बैल इकलं, आन् ही मांजराला पाणी पाजती. म्या वाटी लाथाडली. पाणी मातीत गेलं. ती काई बोलली न्हाई. वाटी उचलली, पुसली, आन् दुसऱ्या दिशी परत आपल्याच तांब्यातलं घातलं. म्या बगितलं, पर बोललो न्हाई. ती बी कदी बोलली न्हाई. मरस्तोवर बोलली न्हाई."

ती वाटी म्हणजे हीच, जर्मनची, एका बाजूने चेपलेली.

मी काय बोलणार? मुलाकडून पुढे कळले, की रात्री दोन वाजता नाना कंदीलभर उजेडाच्या बॅटरीने रांजणाशी जातात आणि वाटी भरतात. घरातल्या कोणी भरलेली त्यांना चालत नाही. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी बायकोला "तू मला आवडतेस" असे कधी म्हटले नाही. पाच-पन्नास वर्षांचा संसार आणि त्यात कौतुकाचे चार शब्द सापडायचे नाहीत. नानांनाही ते जमले नाही. आता बोलायचे ठरवले, तरी ऐकणारी नाही. मग वाटी भरायची. जेवढे लाथाडले, त्याच्या कितीतरी पट आतापर्यंत भरून झाले असेल, पण नानांचा हिशेब अजून मिटलेला नाही.

आणखी एक गंमत. डॉक्टरांनी सांगितले, की नुसत्या दूध-भाकरीवर मांजराचे भागत नाही, थोडे उकडलेले अंडे द्या. घर माळकऱ्याचे. सूनबाईंना वाटले, आता काही खरे नाही. पण नानांनी गोठ्यात तीन दगडांची चूल मांडली, वेगळे पातेले ठेवले आणि स्वतः अंडे उकडतात. कोणी विचारले, तर राका कुंभाराची कथा ऐकवतात. पंढरपूरच्या राका कुंभाराच्या कच्च्या मडक्यात मांजरीने पिले घातली होती. त्याला माहीत नव्हते, त्याने आवा पेटवला. मग मांजरीचा आकांत बघून त्याने पांडुरंगाचा धावा केला आणि आवा उघडला, तेव्हा पिले जिवंत निघाली. महिपतीबाबांच्या भक्तविजयात ही कथा आहे. नाना म्हणतात, "देवाला मांजराची पिलं चालत्यात, आन् तुमाला माजं पातेलं चालंना व्हय?"

मंडळी, मांजर आपल्या घरात आले, ते शेतीबरोबरच. माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले आहे. त्यात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले आहे. २००४ साली हा शोध जाहीर झाला. इतक्या जुन्या काळीही कोणाला तरी वाटले असेल, की याला याच्या मांजराजवळच ठेवावे. तेव्हा नाना काही जगावेगळे करीत नाहीत.

आता कामाचे सांगतो.

घरात म्हातारे मांजर असेल, तर पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. जास्त पिते म्हणून पाणी बंद करू नका. जास्त पाणी, जास्त लघवी आणि वजन घटणे ही दुखण्याची खूण आहे, डॉक्टरला दाखवा. कांदा-लसणाचे कालवण मांजराला अपायकारक आहे, ते घालू नका. दुधाने हगवण लागत असेल, तर दूध कमी करा. आणि माणसाची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, मांजराला कधीही देऊ नका. अर्ध्या गोळीनेही मांजर मरू शकते. मांजर चावले किंवा ओरबाडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा.

उंदरांसाठी घरात आधी पिंजरे वापरा. धान्य चांगले वाळवून पत्र्याच्या कोठीत भरा, कोठी भिंतीपासून हातभर लांब ठेवा, बिळे काचांचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवा. झिंक फॉस्फाईडचे आमिष शेतातल्या बिळांपुरतेच ठेवा, त्याला उतारा नाही. ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर चार-पाच दिवस सुस्त होऊन फिरतो. असा उंदीर म्हाताऱ्या मांजरालाही सहज सापडतो. म्हणून वडी वापरलीच, तर मेलेले उंदीर रोज उचलून खोल पुरा आणि मांजर, कुत्रे, पोरेबाळे लांब ठेवा. मांजराने असा उंदीर खाल्ला आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा रक्त येऊ लागले, तर वेळ न घालवता डॉक्टरकडे न्या. के-१ जीवनसत्त्वाच्या उपचाराने ते वाचू शकते.

नानांच्या घरी आम्ही पिंजरेच लावले. दोन आठवड्यांत चौदा उंदीर निघाले. मुलगा खूश झाला. नाना म्हणाले, "येवढंच? मनी तरणी व्हती तवा आठवड्यात काढायची."

परवा त्या बाजूला गेलो होतो. लांबूनच विचारले, "नाना, मनी कशी आहे?"

"हाय अजून मेली," नाना ओरडले. "ऐकायला येत न्हाई आता तिला. हाका मारून घसा सुकतो माजा."

ओट्यावर वाटी होती. काठोकाठ भरलेली.

तुमच्या घरातही एखादे तिरसट म्हातारे माणूस असेल. एखादा थकलेला बैल असेल, दात पडलेला कुत्रा असेल. त्यांचा उपयोग काय, असे पटकन बोलून टाकू नका. ते कोणाची आठवण सांभाळत बसले आहेत, हे आपल्याला माहीत नसते.

पुढच्या अंकात तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी बोलू. तोवर रामराम.