एक वॉशिंग्टन नाकारला, दुसरा टांगला
सेनापतीचे तैलचित्र म्हणजे त्या प्रसंगाचा साक्षीदार, ही समजूत इतिहासाच्या वाचकांत खोलवर रुजली आहे. पुस्तकात चित्र छापावे, खाली नाव व सन घालावा, की पुरावा सिद्ध! ते कोणी काढवून घेतले, पैसे कोणी मोजले, हे विचारण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

जॉन ट्रम्बुल या चित्रकाराने १७९२ मध्ये रंगवलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनपुढे ही समजूत टिकत नाही.

आदल्या वर्षी वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष या नात्याने चार्ल्स्टनला येऊन गेला होता. त्या स्मरणार्थ नगराने चित्र मागवले. ट्रम्बुल पूर्वी काही काळ त्याच्याच पदरी युद्धात होता. त्याने निवडली ती २ जानेवारी १७७७ ची ट्रेन्टन येथील संध्याकाळ. ओढ्यापलीकडे कॉर्नवॉलिसची फौज (हाच कॉर्नवॉलिस १७९२ मध्ये हरिपंत फडके यांना सोबत घेऊन श्रीरंगपट्टणावर चालून गेला होता!), अलीकडे कोंडीत सापडलेला वॉशिंग्टन, हाती दुर्बीण, मागे बिथरलेला घोडा. त्याच रात्री तो निसटला आणि सकाळी प्रिन्स्टनवर तुटून पडला.

चित्रकाराला हे आपले सर्वोत्तम काम वाटे. चार्ल्स्टनच्या वतीने काँग्रेस-सदस्य विल्यम लॉटन स्मिथ याने मात्र ते नाकारले. नगराने नुकताच डोळ्यांनी पाहिलेला शांत, निवांत वॉशिंग्टन हवा होता.

वॉशिंग्टन पुन्हा बैठकीला बसला. नवे चित्र झाले: गणवेश कायम, घोडा कायम, परंतु रणभूमीच्या जागी चार्ल्स्टन शहर. १७८० मध्ये वेढा आणि शरणागती भोगलेल्या नगराने स्वतःच्या भिंतीसाठी युद्ध वगळलेला सेनापती विकत घेतला.

मग यांतील खरा कोणता? चित्रकार एक, माणूस एक, वर्ष एक. पहिले चित्रही प्रसंगानंतर १५ वर्षांनी रंगवलेले. तेही ट्रम्बुलच्या मनातील वीराचेच. ट्रेन्टनविषयी दोन्ही चित्रे फारसे सांगत नाहीत. १७९२ मधल्या लोकांना कसा वॉशिंग्टन हवा होता, हे मात्र स्वच्छ सांगतात.

दुसऱ्या चित्रात घोड्याचा पार्श्वभाग ठळक दिसतो. चित्रकाराने नगरावर उगवलेला तो सूड, अशी आख्यायिका लोक चवीने सांगतात. गंमत आहे खरी, पण त्या हशात नकाराचे कारण हरवते.

नाकारलेले चित्र १८०६ मध्ये येल येथे पोहोचले. पसंतीचे अद्याप चार्ल्स्टनच्या नगरभवनात आहे.