‘जलद’ : एक शब्द, दोन कुळे

ज्येष्ठाच्या सुमारास वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले असता वाऱ्यापुढे धावत येणारी मेघमाला दृष्टीस पडते. अंधेरी स्थानकावर ‘जलद गाडी’ची घोषणा रोज कानी येते. त्या मेघांस आणि या गाडीच्या वेगास एकच नाव शोभते, हे आमच्या किती विद्यार्थ्यांच्या ध्यानी आले असेल बरे? जल देणारा तो ‘जलद’, म्हणजे मेघ. हा शब्द संस्कृत. शीघ्र या अर्थाचा ‘जलद’ मात्र फारसीतील ‘जल्द’पासून आला. अक्षरे तीच, कुळे भिन्न.

असे परकुळीचे शब्द काढून टाकावे, असा आग्रह सावरकरांनी धरिला. १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध करणारे माधव जूलियनही पुढे भाषाशुद्धीच्या पक्षास मिळाले. त्यांच्या स्वभाषाप्रेमाविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि ‘तुफान’ हा शब्द अरबीतून आला म्हणून कोणता नाखवा तो टाकील? उलट ‘वादळ’ आणि हिंदीतील ‘बादल’ हे एकाच घराण्यातले. तिकडे तो मेघच राहिला, इकडे तो झंझावात झाला. तात्पर्य, शब्दाची योग्यता कुळावरून नव्हे, कामावरून ठरते.

आमच्या मते खरी हानी निराळीच आहे. हल्ली मुलांच्या तोंडी सर्व वेगांस ‘फास्ट’ हा एकच शब्द असतो. मराठीत पावले झपाझप पडतात, घोडा भरधाव सुटतो, साप सरसर जातो, पाखरू भुर्रकन उडते, वारा सोसाट्याने वाहतो. येथे केवळ वेग नव्हे, तर गतीचे रूपही दिसते. ते रूप हरपले, तर पाहण्याची दृष्टीही मंदावेल.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले. अशा समयी हवामान खात्याची सूचना प्रमाण मानिलीच पाहिजे. परंतु वेसाव्याच्या कोळीवाड्यातील आजोबा ढगांची चाल पाहून जो शब्द उच्चारतात, त्यातही अनेक पिढ्यांचा अनुभव साठलेला असतो. घरचा तो शब्द शाळेत उच्चारण्यास विद्यार्थ्यांनी लाजू नये आणि पालकांनी त्यास गावंढळ म्हणून दटावू नये.

मोल्सवर्थ साहेबांनी परक्या देशातून येऊन मराठी शब्द वेचिले. त्यांचा कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला व १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. मग ज्यांची ही मातृभाषा, त्या आमच्या विद्यार्थ्यांनी येत्या सुटीत वाऱ्याचे व ढगांचे घरगुती शब्द वडीलधाऱ्यांस विचारून वहीत टिपावे, एवढीच आमची विनंती आहे.