श्रावणबाळ ऊसतोडीला गेला, आता आई-बापाचे काय?

म्हातारपण सर्वांना सारखेच येते, असे सांगितले जाते. आम्हाला ते मान्य नाही. वर्ग चार सोडला तर राज्य सरकारचा कर्मचारी 58 व्या वर्षी निवृत्त होतो. 2007 च्या कायद्याने माणूस 60 व्या वर्षी ज्येष्ठ नागरिक ठरतो. आणि हिंगोली जिल्ह्यातील, सेनगाव तालुक्यातल्या साखरा गावचा भूमिहीन मजूर? श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसाठी त्याला 65 पूर्ण करावी लागतात. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेली हीच ती पिढी. ज्याचे शरीर सर्वांत आधी झिजते, त्याला म्हातारा म्हणून मान्यता मात्र सर्वांत उशिरा! शिवाय वयाचा पुरावा हवाच. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला कुठून यावा?

योजनेचे नावच पाहा. आंधळ्या आई-बापाला कावडीत घेऊन फिरणारा आज्ञाधारक मुलगा. ही कथा श्याम जातकाच्या रूपाने बौद्ध साहित्यातही आहे, त्यामुळे गोष्टीशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते शासनाच्या मनोवृत्तीशी. संविधानाच्या कलम 41 मध्ये मुलाचा उल्लेख नाही. वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद राज्याने करावी, असे ते सांगते. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या आधारे थेट कोर्टात जाता येत नाही, हे आम्ही वकील म्हणून जाणतो. पण कारभार त्याच तत्त्वांवर चालवायचा, असेही कलम 37 बजावते. हक्काला श्रावणबाळाचे नाव दिले की तो उपकार होतो. आणि आमच्या वस्त्यांमधला श्रावणबाळ तर दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेला असतो. म्हातारी माणसे नातवंडे सांभाळत मागे राहतात.

आता आकडे. 2023 मध्ये या योजनेची रक्कम 1000 वरून 1500 रुपये झाली. पुढच्याच वर्षी, 2024 मध्ये, लाडकी बहीण योजना आली. रक्कम तीच, 1500. पण तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, तर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलेल्या वृद्धांसाठी ती 21 हजार! म्हणजे महिन्याला 1750 रुपये, संपूर्ण कुटुंबाचे. लाडकी बहीण 65 वर्षांची झाली की त्या यादीतून बाहेर पडते. या यादीत शिरायचे तर तिने एका वाढदिवसात जवळपास बारापट गरीब व्हायचे काय? 2025-26 मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. घरातल्या एकाने 68 दिवस काम केले की 21 हजारांची मर्यादा ओलांडली. एवढ्या उत्पन्नात कुठलेही कुटुंब जगत नाही, हे दाखला देणाऱ्या तहसीलदारालाही ठाऊक असते. मग खोटा दाखला घ्या, नाहीतर उपाशी राहा. खोट्या दाखल्याचा माणूस पुढाऱ्यापुढे मान वर करून बोलू शकत नाही, आणि प्रस्थापितांना हेच हवे असते. बहिणीचे मत हवे होते, म्हणून तिथे मर्यादा वाढली. म्हाताऱ्यांचे मत गृहीत धरलेले आहे.

2007 चा कायदा मुलांकडून महिना 10 हजारांपर्यंत निर्वाह खर्च मिळवून देतो, फसवून लिहून घेतलेली जमीनही परत मिळवून देतो. चांगला कायदा आहे. पण ज्याच्या नावावर जमीनच नाही आणि ज्याचा मुलगा मुकादमाच्या कर्जात आहे, त्याने उपविभागीय अधिकाऱ्यासमोर कोणाविरुद्ध दाद मागायची? स्वतःच्याच कंगाल पोराविरुद्ध?

साखऱ्याच्या आणि शेजारच्या गावांतील कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे : येत्या ग्रामसभेत वयाची अट 60 आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख करण्याचा ठराव मांडा, तो इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत सेनगाव तहसीलला देऊन पोच घ्या. वस्तीतल्या वृद्धांची यादीही सोबत जोडा. कोणाचा अर्ज कधी गेला आणि कोणत्या कारणाने फेटाळला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्ज लिहून द्यायला आम्ही येऊ.